दुखरे सांधे आणि पडद्यावरचे खेळ

खेळ मुलांनीं खेळावेत आणि दुखणीं म्हाताऱ्यांनीं सोसावींत, अशी एक सोयीस्कर वांटणी समाजानें फार दिवसांपासून करून ठेवलेली आहे. संगणक आणि त्याचें धाकटें भावंड जो मोबाईल, यांनीं ही वांटणी मोडून टाकली. आतां खेळ आजीहि खेळते आणि दुखण्यासह खेळते. तें दुखणें सांभाळून कसें खेळावें, एवढाच येथें विचार करावयाचा आहे.

पंढरपूरच्या उत्तरेस सुमारें वीस किलोमीटरांवर करकंब नांवाचें मोठें गांव आहे. अशा गांवांतील एखाद्या घराचें चित्र श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, सून तेथेंच, नातवंडें तेथल्याच शाळेंत. घरीं साठी उलटलेलीं दोघेंजण. रात्रीचें जेवण आटोपलें कीं आजी ओसरीवर मांडी घालून बसते, मोबाईल हातांत घेते, आणि पुण्याचा नातू व करकंबची आजी यांचा लूडोचा डाव सुरू होतो. अर्ध्या तासांत तिच्या उजव्या अंगठ्याचें मूळ ठणकूं लागतें. उठावयास जावें तों गुडघे आखडलेले. चार दिवस ती हें सोसते. पांचव्या दिवशीं, “आज डोळे दुखतायत रे बाळा,” असें सांगून खेळ टाळते. अंगठ्याचें नांव ती काढीत नाहीं. भाकरी थापून हात दुखला, खुरपून दुखला, असें सांगतां येतें. खेळून दुखला असें या वयांत कोणत्या तोंडानें सांगावें, हा तिचा संकोच असतो. डाव बंद पडतो आणि त्याबरोबर रोजची अर्ध्या तासाची गांठभेटहि बंद पडते. नातवाला वाटतें, आजीला कंटाळा आला.

तिच्या या दुखण्याला वैद्यकाच्या परिभाषेंत ऑस्टिओ-आर्थ्रायटिस म्हणतात, आणि बोलभाषेंत सांध्यांची झीज. विकार नवा नव्हे. चरकसंहितेंत वातव्याधींच्या प्रकरणांत संधिगत वाताचें वर्णन आलेलें आहे. परंतु “झीज” हा शब्द जितका सोपा, तितकाच तो फसवा आहे. बैलगाडीचा आंस झिजला म्हणजे गाडी सोडून ठेवणें शहाणपणाचें असतें. त्याच न्यायानें, सांधा झिजला तर तो वापरूं नये असें माणूस समजतो. सांधा हा आंस नव्हे. दोन हाडें जेथें एकमेकांस मिळतात, तेथें त्यांच्या टोंकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या थराला रक्तवाहिन्या नाहींत. त्याचें पोषण सांध्यांतील बुळबुळीत द्रवांतून होतें. आणि तो द्रव कूर्चेंत खेळता राहतो तो सांध्यावर भार पडल्यानें व उतरल्यानें. पाण्यांत बुडविलेला स्पंज दाबावा आणि सोडावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून सांध्याला हालचाल हवी असते. जें त्याला सोसत नाहीं तें दुसरेंच: एकाच स्थितींत आंवळून धरलेलें राहणें, किंवा तीच एक बारीक हालचाल शेंकडों वेळां, विश्रांतीवांचून, करीत राहणें. पडद्यावरच्या खेळांत नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र येतात. हात फोन आंवळून धरतो आणि अंगठा तेंच एक काम करीत राहतो.

आधुनिक वैद्यक तर आतां असें मानतें कीं, हा विकार एकट्या कूर्चेचा नसून सबंध सांध्याचा आहे; खालचें हाड, सांध्याचें अस्तर, बंध आणि भोंवतालचे स्नायू या सर्वांचा त्यांत भाग असतो. बोटांच्या टोंकांजवळच्या सांध्यांवर ज्या टणक गांठी येतात, त्यांना अठराव्या शतकांतील विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याचें नांव मिळालें, आणि मधल्या सांध्यांवरील गांठींना बूशार या फ्रेंच वैद्याचें. गांठी दिसावयास भयंकर असल्या तरी त्या नेहमींच दुखतात असें नाहीं. उलट बाहेरून निर्दोष दिसणारें अंगठ्याचें मूळ अतिशय दुखूं शकतें.

हें दुखणें किती जणांना आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें ५२ कोटि ८० लक्ष लोकांना हा विकार होता, आणि त्यांत शेंकडा ६० स्त्रिया होत्या. पण जगाचे आंकडे मोठे असले तरी ते मनाला भिडत नाहींत. त्यापेक्षां भीमेच्याच खोऱ्यांत, करकंबच्या वरच्या अंगास, उजनी जलाशयाच्या फुगवट्याकांठीं वसलेल्या पुणें जिल्ह्यांतील भिगवणचा आंकडा अधिक बोलका आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय संधिवात संघ यांच्या योजनेप्रमाणें १९९६ सालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथें घरोघर जाऊन पाहणी केली. ४०९२ प्रौढ स्त्रीपुरुषांची विचारपूस झाली. त्यांपैकीं ७४६ जण, म्हणजे शेंकडा १८ हून किंचित अधिक, हाडें, सांधे किंवा स्नायू यांच्या कोणत्या ना कोणत्या दुखण्यानें त्रस्त आढळले. झिजेच्या संधिवाताचें प्रमाण शेंकडा ५.८ निघालें, आणि ज्याच्या नांवानें लोक अधिक घाबरतात, त्या आमवाताचें, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचें, शेंकडा अर्ध्याच्या आसपास. शहरांतल्या लोकांना बसून बसून सांधेदुखी होते आणि खेड्यांतले लोक कष्ट करून ठणठणीत राहतात, ही शहरी माणसाची आवडती समजूत या पाहणीपुढें टिकत नाहीं.

आतां अंगठ्याकडे वळूं. साऱ्या विषयाची किल्ली तेथें आहे. १९७७ सालीं कूनी आणि चाओ या अमेरिकेंतील संशोधकांनीं हाताच्या सांध्यांवर पडणाऱ्या दाबाचें गणित मांडलें. चिमटीच्या टोंकाशीं एक किलो जोर लावला, तर अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या सांध्यावर सुमारें बारा किलोंचा दाब पडतो, असें त्यांना आढळलें. अंगठा ही एक तरफ आहे. टोंकाला थोडें, मुळाशीं पुष्कळ. करकंबच्या आजीचा दिवस या गणितांत घालून पाहावा. पहांटे धार काढणें, मग भाकरी थापणें, धुणें पिळणें, खुरपें धरणें. प्रत्येक कामांत चिमूट आणि मूठ. रात्री मोबाईल हातीं येतो तेव्हां अंगठ्याचें मूळ आधींच थकलेलें असतें. तेव्हां सारा दोष खेळाच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. मात्र एकाच हातानें फोन धरून त्याच हाताचा अंगठा पडद्याच्या चारी कोपऱ्यांत फिरवणें, हा त्या थकल्या सांध्यावर करावयाचा सर्वांत वाईट प्रयोग होय.

उपाय इतका साधा आहे कीं तो उपाय आहे असें वाटत नाहीं: फोन हातांत धरूं नये. पोथी वाचण्यासाठीं जी लांकडी ठवणी असते, ती पुष्कळ घरांत माळ्यावर धूळ खात पडलेली असते; ती काढावी, पुसावी, आणि तिच्यावर फोन उभा करावा. ठवणी नसेल तर धान्याच्या डब्याला टेकवून ठेवला तरी चालतो. खालीं ओलें फडकें पसरलें म्हणजे तो घसरत नाहीं. मग सोंगटी हलविण्याचें काम अंगठ्याकडून काढून तर्जनीकडे द्यावें, आणि एका डावाला उजव्या हाताची तर दुसऱ्या डावाला डाव्या हाताची तर्जनी वापरावी. बोटांचे सांधेहि दुखत असतील त्यांनीं पडद्यावर चालणारी रबरी टोंकाची लेखणी घ्यावी. तिच्याभोंवतीं जुन्या सुती कापडाच्या चारसहा गुंडाळ्या कराव्या, म्हणजे ती जाड होते. जाड वस्तु सैल मुठींत धरतां येते, बारीक वस्तूला चिमूट लागते. लाटण्याची मूठ आणि सुई यांच्या धरण्यांतला फरक कोणत्याहि गृहिणीला ठाऊक आहे.

टेबलावरच्या संगणकावर खेळणाऱ्यांची अडचण निराळी असते. तेथें वैरी अंगठा नसून माउस असतो. माउस हलका व हाताच्या तळव्याएवढा असावा, म्हणजे तो बोटांनीं चिमटीत धरावा लागत नाहीं, त्यावर हात नुसता विसावतो. संगणकाच्या व्यवस्थेंत माउसची गति वाढवितां येते. ती वाढविली म्हणजे हाताला थोडें हलून पडद्यावर पुष्कळ अंतर कापतां येतें. बटण दाबून धरून वस्तु ओढीत नेणें हें दुखऱ्या हातास फार जड. विंडोज प्रणालींत एकदां दाबून बटण अडकवून ठेवण्याची सोय आहे, तिचा शोध घरांतल्या तरुणांनीं वडीलधाऱ्यांसाठीं घेऊन ठेवावा. कीबोर्डवरील दोनतीन कळा एकदम दाबण्याऐवजीं एकामागून एक दाबण्याची सोयहि तींतच आहे. माउसऐवजीं चेंडूची पेटी मिळते, तिचा पुष्कळांना उपयोग होतो. परंतु चेंडू बोटांनीं फिरविण्याचा असावा. अंगठ्यानें फिरविण्याच्या चेंडूनें दुखणें कमी न होतां जागा बदलून परत येतें.

येथें थोडें मागें वळून पाहण्यासारखें आहे. १९५८ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञानें पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं पडद्यावर टेनिसचा खेळ करून दाखविला. खेळणाऱ्याच्या हातीं एक पेटी असे. तिला फिरविण्याचा एक खुंटा आणि दाबण्याचें एक बटण, संपलें. पुढें खेळ वाढले तशीं बटणें वाढलीं. आजच्या खेळांच्या कंट्रोलरवर डझनाहून अधिक बटणें आणि दोन डुलणाऱ्या दांड्या असतात, आणि त्या दोन्ही दांड्या बिचाऱ्या दोन अंगठ्यांच्या वांट्याला येतात. वीस वर्षांच्या हाताचें माप घेऊन शिवलेला हा आंगरखा साठ वर्षांच्या हाताला चढविला जातो, आणि न बसला तर हाताला नांवें ठेवलीं जातात! ही चूक कारखानदारांच्याहि लक्षांत आली, हें मान्य केलें पाहिजे. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें एक सपाट पेटी बाजारांत आणली. तिच्यावर तळहातानें दाबतां येतील अशीं दोन मोठीं बटणें आहेत, आणि हवीं तीं निराळीं बटणें जोडण्यासाठीं मागें १९ खांचा आहेत. सोनीनें २०२३ सालीं टेबलावर किंवा मांडीवर ठेवून चालवितां येईल असा वाटोळा कंट्रोलर काढला. लूडोसाठीं अशा उपकरणांची कांहींच गरज नाहीं. परंतु घरांत ज्याला मोठे खेळ खेळण्याचा नाद आहे आणि हात साथ देत नाहीं, त्यानें हीं उपकरणें आहेत एवढें तरी ठाऊक करून घ्यावें. याहून मनोरंजक सोय एक्सबॉक्समध्यें २०१७ सालापासून आहे: दोन कंट्रोलर मिळून एकच पात्र चालवितात. धांवण्याचें काम नातवाकडे, विचार करून दार उघडण्याचें आजोबांकडे.

खेळाची निवड ही देखील एक औषधयोजनाच समजावी. पुण्यांतील नॉडिंग हेड्स या मंडळींनीं २०२० सालीं “राजी” हा सुंदर खेळ प्रसिद्ध केला. भारतीय पुराणांच्या वातावरणांतील तो युद्धाचा खेळ आहे, आणि युद्धाच्या खेळांत बोटांना सवड मिळत नाहीं. रंगीत गोट्या जुळविण्याचे जे बाळबोध खेळ फोनवर असतात, ते दिसतात सौम्य, पण तासाभरांत बोट शेंकडों वेळां त्याच दिशेनें ओढावयास लावतात. युद्धाच्या खेळांपेक्षां हेच अधिक कावेबाज. उलट ज्या बुद्धिबळांत नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें २०२५ सालीं महिलांचा विश्वचषक मिळविला, त्याच्या एका सबंध डावांत हाताला चाळीसपन्नास वेळां हलावें लागतें, आणि मध्यंतरीं वाटेल तितका विचार. शब्दकोडीं, पत्त्यांचे संथ खेळ, आणि पाळीपाळीनें खेळण्याचे सारे प्रकार याच जातीचे. लूडो हा तर आपल्याच पचिशीचा, सारीपाटाच्या कुळांतला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत जाऊन कोट घालून आलेला भाऊ. २०१६ सालीं मुंबईच्या बाजूस तयार झालेल्या “लूडो किंग”नें त्याला फोनवर आणला. करकंबच्या आजीला त्याचे नियम शिकवावे लागत नाहींत. कवड्या उधळण्याऐवजीं फांसा एका स्पर्शानें पडतो, हा तिच्या हाताच्या दृष्टीनें फायदाच होय. कित्येक खेळांत पाळीला घड्याळ लावलेलें असतें; तें काढतां येत असेल तर आधीं काढावें. घाईंत हात नकळत आंवळला जातो.

गुडघ्यांचें प्रकरण निराळें, आणि त्याचा खेळाशीं संबंध बसण्यापुरता. मांडी ही आपली आवडती बैठक. तींत गुडघा पार मिटतो आणि तासभर मिटलेलाच राहतो. मग उठतांना तो आखडतो, आणि चारदोन पावलें टाकल्यावर सुटतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं खेळण्यापुरती तरी मांडी सोडावी, आणि पाय जमिनीला टेकतील व मांड्या जमिनीस समांतर राहतील एवढ्या उंचीच्या खुर्चीवर बसावें. खुर्चीला हात असावेत, म्हणजे उठतांना गुडघ्यांचा भार थोडा वांटला जातो. बाजेवर बसून खेळणें सोयीचें वाटतें, पण बाजेची वीण सैल असली म्हणजे माणूस खोलांत बसतो आणि उठणें अधिक कठीण होतें. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या जवळ असावा, नाहींतर गुडघ्याचें वांचविलेलें मानेच्या खर्चीं पडावयाचें.

वेळेचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण खेळांत वेळ कळत नाहीं हाच तर खेळाचा गुण. वीस-पंचवीस मिनिटांनीं उठावें, हा सामान्य नियम. खुर्चीवर बसल्याबसल्या एक पाय सरळ करून पांच आंकडे मोजेपर्यंत ताणून धरावा, मग दुसरा. असें दहादहा वेळां केलें म्हणजे मांडीचे पुढचे स्नायू बळकट होतात, आणि गुडघ्याचा खरा आधार तेच आहेत. हातांसाठीं बोटें पसरणें, सैल मूठ वळणें, आणि अंगठ्यानें प्रत्येक बोटाच्या शेंड्याला हलकेंच शिवणें. खेळण्यापूर्वीं पांचदहा मिनिटें कोमट पाण्यांत हात बुडवून ठेवले तर आखडलेपणा सुटतो; मार्गशीर्ष-पौषांतल्या थंडीत याचा गुण विशेष येतो. किती खेळलें तें जास्त झालें कीं नाहीं, याचा निवाडा त्या रात्री करूं नये. दुसऱ्या सकाळीं करावा. सकाळीं हात नेहमींसारखा असेल तर खेळ सोसला. नेहमींपेक्षां अधिक दुखत असेल तर त्या दिवशीं वेळ निम्म्यावर आणावा. खेळ बंद करूं नये.

औषधांविषयीं थोडक्यांत. युरोपांतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनें हातांच्या या विकारासाठीं २०१८ सालीं ज्या सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत रुग्णाला नीट समजावून सांगणें, व्यायाम, आणि अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा पट्टा यांना मोठें स्थान दिलेलें आहे. औषधांत आधीं वरून लावावयाच्या मलमाला, आणि मग पोटांतल्या गोळ्यांना. इकडे क्रम बहुधा उलटा असतो. शेजारणीला गुण आला म्हणून तिच्या गोळ्या आणून खेळावयास बसणें हें तर धोक्याचेंच. वेदनाशामक गोळ्या पोटाला व मूत्रपिंडाला बाधूं शकतात, आणि वेदना दबल्यामुळें हात किती थकला तें कळतहि नाहीं. आणखी एक खूण लक्षांत ठेवावी. झिजेच्या संधिवातांत सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आंत जातो. तो तासतासभर टिकत असेल, सांधे सुजून गरम लागत असतील, दोन्ही हातांचे अनेक सांधे एकदम धरले असतील, किंवा अंगठा व बोटें रात्री बधिर होत असतील, तर तें दुखणें दुसरें असण्याचा संभव आहे. तेथें ठवणी आणि खुर्ची यांवर न थांबतां डॉक्टरांना दाखवावें.

राहिला संकोच. तो मोडण्याचें काम पुण्यामुंबईच्या मंडळींचें आहे, कारण आजी आपण होऊन बोलणार नाहीं. “आई, खेळतांना हात दुखतो का गं?” एवढा एक प्रश्न सरळ विचारला पाहिजे, आणि “कुठं काय, वयच झालं आतां,” असें उत्तर आलें तर तें खरें धरूं नये. सणावाराला गांवीं जातांना मिठाईच्या पुड्याबरोबर एक जाड लेखणी न्यावी, फोनमधलीं अक्षरें मोठीं करून द्यावींत, आणि माळ्यावरची ठवणी स्वतः चढून काढावी. नातवालाहि खरें कारण सांगावें. मुलें अशा गोष्टींत मोठ्यांपेक्षां समजूतदार असतात. “आजी, दोन डाव झाले, ऊठ आतां,” हें तिला मुलानें सांगितलें तर ती उडवून लावील, नातवानें सांगितलें तर ऐकेल. मग ती उठते, अंगणांत दोन फेऱ्या मारते, तुळशीपाशीं हात मोकळे करते, आणि फोन उचलून भिंतींतल्या कोनाड्यांत ठेवते. तो बरोबर तिच्या छातीच्या उंचीवर येतो. तिसरा डाव ती उभ्यानेंच खेळते.